केस बंद झाली, माणूस कुठे गेला?



रेल्वेत काय किंवा टपालात काय, 'केस' हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांपुढे चार्जशीट उभी राहते. 'त्याच्यावर केस झाली', 'केस अपिलात आहे', 'केस फायनल झाली'. दारूच्या आहारी गेलेल्या कामगाराबद्दल तर दुसरा अर्थ आपल्या मनात येतच नाही. पण व्यसनमुक्तीच्या कामात याच शब्दाला वेगळा अर्थ आहे. तिथे केस म्हणजे तो माणूस, त्याचे घर, त्याचे कर्ज, त्याचे लिव्हर, त्याची नोकरी, सगळे मिळून एक. आणि ती केस कुणा एकाच्या नावावर असते. रोगी कुठे आहे, पुढे कुठे जायचा आहे, पोचला की नाही, याची जबाबदारी त्या एकाची. इंग्रजीत याला केस मॅनेजमेंट म्हणतात. मी त्याला पाठपुरावा म्हणेन, कारण हा शब्द युनियनवाल्याला शिकवावा लागत नाही.

हा पाठपुरावा रेल्वेत नाही, टपालात नाही, आणि खरे सांगायचे तर युनियनमध्येही नाही. प्रशासनाला मी झोडपणार आहेच, पण सुरुवात स्वतःपासून करतो.

आमच्या शाखेत एक ट्रॅकमन होता. नाव सांगत नाही, त्याची बायकामुले आहेत. नांदेडकडचा माणूस, नोकरी तेलंगणातल्या एका सेक्शनवर. गँगमन, ट्रॅकमन, ट्रॅक मेंटेनर, पदाचे नाव बदलत गेले. उन्हात रूळ आणि पावसात खडी हे काम तेच राहिले. कामाला वाघ. रात्री-अपरात्री रूळ तडकला की मेट पहिली हाक त्याला मारायचा. पिणे आधी सुटीच्या दिवशी होते, मग पगाराच्या आठवड्यात, मग रोज. गैरहजेरी सुरू झाली.

पहिली चार्जशीट आली तेव्हा डिफेन्स हेल्पर मी. नोटीस योग्य पत्त्यावर बजावली नव्हती, तो मुद्दा मी चौकशीत धरून ठेवला आणि एक इन्क्रिमेंट रोखण्यावर भागले. दुसऱ्या वेळी रिमूव्हल झाले. अपिलात मी ते खालच्या ग्रेडवर आणून ठेवले. त्या संध्याकाळी शाखेत पेढे वाटले, माझ्या गळ्यात हार पडला. तिसऱ्या वेळी रिमूव्हल कायम झाले. अपील फेटाळले, रिव्हिजन फेटाळले.

दुसऱ्या वेळचे पेढे घेऊन मी त्याच्या क्वार्टरवर गेलो होतो. तो आत झोपला होता. त्याच्या बायकोने पेढा घेतला, देवापुढे ठेवला आणि म्हणाली, "भाऊ, तुम्ही ह्यायला दर बारीला ड्युटीवर आणून सोडता. पण दारूतून कोन सोडवनार?" मी म्हणालो, "समजावू आपण त्याला, वहिनी." आणि चहा पिऊन निघून आलो. बावीस वर्षे युनियनचे काम करतो, पण त्या प्रश्नाला माझ्याकडे 'समजावू' याच्यापलीकडे उत्तर नव्हते.

रिमूव्हल म्हणजे काय, हे आपल्या सभासदांना ठाऊक असते, घरच्यांना नसते. १९९३च्या रेल्वे पेन्शन नियमांप्रमाणे काढून टाकलेल्या माणसाची पेन्शन आणि ग्रॅच्युइटी जाते. वरच्या साहेबाला वाटले तर अनुकंपा भत्ता मिळतो, तोही पेन्शनच्या दोन-तृतीयांशापेक्षा जास्त नाही. क्वार्टर सोडावे लागते. आणि बाप नोकरीत असताना वारला नाही, म्हणून मुलाला अनुकंपेवर नोकरीही नाही. आमचा हा भाऊ रिमूव्हलनंतर चौदा महिन्यांनी गावी वारला. वय शेहेचाळीस. ज्या पोराला बापाच्या जागी लागता आले असते, ते आज नांदेडला एका गोडाऊनमध्ये हमाली करते.

तो गेल्यावर मी एक काम केले. त्याचे कागद कुणाकुणाकडे होते, ते शोधले. पी.डब्ल्यू.आय.च्या कार्यालयात मस्टर होते. कोणत्या तारखेला गैरहजर, सगळे लाल शाईत. रेल्वे दवाखान्यात त्याच्या भरतीचे तीन कागद होते. क्रेडिट सोसायटीत कर्जाचे खाते होते. पगारातून कापून जाऊन हातात किती उरते, हे त्यांना रुपयापर्यंत माहीत होते. पर्सोनेल ब्रँचमध्ये चौकशीची फाईल होती. वेल्फेअर इन्स्पेक्टर एकदा क्वार्टरवर जाऊन 'कर्मचारी पत्त्यावर आढळला' असा रिपोर्ट देऊन आला होता. मेटला तो रोज कुठे बसतो ते दुकान माहीत होते. आणि माझ्या कपाटात डिफेन्स ब्रीफ होती. इतक्या जणांकडे त्याचा एकेक तुकडा होता. पूर्ण माणूस कुणाकडेच नव्हता.

दवाखान्याच्या त्या तीन कागदांची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती लाजेची आहे. तिन्ही कागदांवर रोगाचे नाव गॅस्ट्रायटिस आणि कावीळ. दारूचा उल्लेख कुठेही नाही. का? कारण आम्हीच डॉक्टरांकडे जाऊन सांगितले, "साहेब, दारू लिहू नका, पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे." डॉक्टर भला माणूस. त्याने ऐकले. आणि तिसऱ्या चौकशीत मला जेव्हा सिद्ध करायचे होते की हा माणूस कामचुकार नाही, आजारी आहे, कित्येक वर्षे आजारी आहे, तेव्हा माझ्या हातात एकही कागद नव्हता. तो पुरावा आम्हीच दयेपोटी पुसून टाकला होता.

आता उपचार म्हणून काय झाले ते पाहा. दारू रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली की काही तासांत हात कापतात, घाम सुटतो. एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे चालताना दिसतात, माणूस घरचे ओळखत नाही. हा भ्रम जीव घेऊ शकतो. म्हणून खोलीत कोंडून दारू सोडवणे, जे आपल्या वसाहतीत अजून चालते, ते धाडसाचे काम नाही, मूर्खपणाचे आहे. पहिला आठवडा डॉक्टरच्या नजरेखालीच जायला हवा. तिथे गोळ्या असतात, बी-१चे इंजेक्शन असते.

तेलंगणात आणखी एक भानगड आहे. तिथे ताडीला कल्लू म्हणतात. झाडावरची ताजी असेल तर ती एक गोष्ट. पण दुकानातल्या कल्लूत क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम अशा झोपेच्या औषधांची भेसळ वर्षानुवर्षे पकडली जात आली आहे. असा कल्लू पिणाऱ्याला दोन व्यसने लागलेली असतात आणि दुसऱ्याचे त्याला स्वतःलाच माहीत नसते. आमच्या माणसाला शेवटच्या वेळी भरती केले तेव्हा डॉक्टरला कळले होते 'दारू पितो'. कल्लूचे कुणी सांगितले नाही. दारूचा त्रास उतरला म्हणून चार दिवसांनी घरी सोडले आणि पुढच्या आठवड्यात त्याला घरी फिट आली. मेटला विचारले असते तर त्याने दुकानाचे नाव सांगितले असते. पण मेटला विचारायचे कुणी? ते कुणाचे काम होते?

त्याला एकदा व्यसनमुक्ती केंद्रातही पाठवले होते. महिनाभर. समुपदेशन सगळे तेलुगूत. रोटी-पाणी मागण्याइतके तेलुगू त्याला येत होते, मन मोकळे करण्याइतके नव्हते. तो मान डोलावत बसायचा. केंद्राच्या कागदावर शेरा: 'सहकार्य करतो.' महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या आपल्या हजारो बांधवांनी हे लक्षात घ्यावे. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली, पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने, मुक्तांगण सुरू केले. तिथे मराठीत बोलतात, घरच्या बाईलाही बसवून घेतात, आणि बाहेर पडल्यावर फॉलो-अपला यायला लावतात. रेल्वे कामगाराला औषधोपचारासाठी स्पेशल पास मिळू शकतो. म्हणजे गाडी आहे, पास आहे, केंद्र आहे. हे तिन्ही जोडून त्याला स्टेशनवर बसवून देणारा माणूस तेवढा नाही.

केंद्रातून तो शनिवारी सुटला. सोमवारी 'फिट' होऊन कामावर. मधल्या रविवारी काय झाले असेल ते आपण ओळखले असेल. क्वार्टरपासून कल्लूचे दुकान दोनशे पावलांवर, आणि सोसायटीचा माणूस थकलेल्या हप्त्यासाठी दारात.

गाड्या चालवणाऱ्यांना आता मी एक साधा प्रश्न विचारतो. पुढच्या स्टेशनची लाइन क्लियर मिळाल्याशिवाय आपण गाडी सोडतो का? माल रिकामा असो, डबे मोडके असोत, पुढच्या स्टेशन मास्तरने 'घेतो' म्हटल्याशिवाय सिग्नल पडत नाही. मग दवाखान्यातून माणूस सोडताना पुढे कोण घेतो, हे कुणी का विचारत नाही? टपालातल्या बांधवांना तर हे जास्त समजेल. रजिस्टर पत्र हरवत नसे, कारण प्रत्येक हातबदलाला सही होती. २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले, तरी लिफाफा कुठे पोचला ते आजही कळते. लिफाफ्याचा जितका माग आपण ठेवतो, तितका आपल्या पोस्टमनचा ठेवत नाही.

यावर साहेब लोक काय म्हणतात, ते मी पी.एन.एम.मध्ये ऐकलेले आहे. पहिला मुद्दा शिस्तीचा. 'रेल्वे ही सुरक्षेची जागा आहे, दारुड्यांचे लाड आम्ही करणार नाही.' साहेब, नशेत ड्युटीवर आलेल्या माणसाला वाचवा असे आम्ही म्हणतच नाही. १९८९च्या रेल्वे कायद्याचे कलम १७२ आम्हालाही पाठ आहे. क्रू लॉबीतल्या ब्रेथ अ‍ॅनालायझरला आमचा विरोध नाही. ते मशीन लोको पायलटचाही जीव वाचवते आणि मागच्या हजार माणसांचाही. आमचा प्रश्न मशीनने लाल दाखवल्यानंतरचा आहे. मशीन 'हो' किंवा 'नाही' एवढेच सांगते. पुढे काय करायचे हे माणसाने ठरवायचे असते, आणि तुम्ही ते चार्जशीटच्या छापील फॉर्मवर सोडून दिले आहे.

ज्यांना शिस्तीचा दाखला परदेशातून लागतो, त्यांच्यासाठी अमेरिकेचा देतो. ४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँड राज्यात चेस येथे कॉनरेलची इंजिने सिग्नल ओलांडून अ‍ॅमट्रॅकच्या प्रवासी गाडीच्या वाटेत आली. १६ माणसे मेली. इंजिनावरच्या दोघांनी गांजा ओढलेला होता. त्यानंतर १९९१ साली तिथे कायदा झाला आणि अचानक तपासणी सक्तीची झाली. म्हणजे कडकपणात ते आपल्या पुढेच आहेत. पण त्याच व्यवस्थेत दुसरी बाजूही आहे. तपासणीत सापडलेल्या कामगाराला सरळ कामावर परत घेता येत नाही. आधी 'सबस्टन्स अब्यूज प्रोफेशनल' नावाचा एक जाणकार त्याची पूर्ण तपासणी करतो, कुठे कोणता उपचार घ्यायचा ते ठरवतो, उपचार संपल्यावर पुन्हा भेटून पाहतो, आणि कामावर परतल्यानंतर पहिल्या बारा महिन्यांत न सांगता किमान सहा तपासण्या करायला लावतो. हा पाठपुरावा पाच वर्षांपर्यंत लांबवता येतो. या सगळ्यावर नजर त्या एका माणसाची. मालकाला त्या कामगाराला पुन्हा घ्यायचेच असे बंधन तिथेही नाही, हे मी लपवत नाही. पण परतायचे असेल तर वाट आहे आणि वाटेवर माणूस उभा आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे काम तिथल्या युनियनांनी कायद्याची वाट न बघता सुरू केले होते. १९८४च्या सुमारास युनियन पॅसिफिक रेल्वेवर 'ऑपरेशन रेडब्लॉक' निघाले. कामगारच स्वयंसेवक. साथीदार नशेत आहे असे दिसले तर दुसरा कामगार त्याला ड्युटीवरून बाजूला काढायला लावतो, आणि पहिल्या वेळी तो उपचाराला तयार झाला तर शिक्षा होत नाही, असा करार त्यांनी मालकाकडून घेतला. आपल्याकडे साथीदार नशेत दिसला की आपण दोनच गोष्टी जाणतो. झाकणे, नाहीतर चुगली करणे. तिसरी वाट करारात लिहून घेण्याचे आपल्या कुठल्या चार्टरमध्ये आले आहे काय?

साहेबांचा दुसरा मुद्दा: 'हा वैयक्तिक दुर्गुण आहे.' इथे सरकारच्या दोन तोंडांचा मासला बघा. १९६६च्या रेल्वे सेवा (वर्तणूक) नियमांतला नियम २२ सांगतो की कर्मचाऱ्याने मादक पेयाचा अतिरेक करू नये. टपालवाल्यांना १९६४च्या वर्तणूक नियमांतही नियम २२ हाच आहे. म्हणजे अतिरेक हे गैरवर्तन. आणि संसदेने २०१७ साली केलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येत दारू आणि मादक पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मनोवस्था हा मानसिक आजार धरला आहे. त्याच कायद्याचे कलम ९८ सांगते की रोग्याला घरी सोडताना पुढे कोणता उपचार, कोणती सेवा लागेल याचा विचार डॉक्टरने रोग्याशी आणि घरच्यांशी बसून करायचा. कलम २३ प्रमाणे त्याची माहिती गुप्त ठेवायची. एकाच माणसाला सरकार दवाखान्यात रोगी म्हणते आणि ऑफिसात गुन्हेगार म्हणते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही १९९६ साली कामाच्या जागेवरील दारू व मादक पदार्थांबद्दल आचारसंहिता काढली. त्यात या प्रश्नाकडे इतर आजारांप्रमाणेच बघा असे म्हटले आहे. मधुमेहाचा रोगी गैरहजर राहिला तर त्याची साखर तपासता. दारूच्या रोग्याची फक्त हजेरी तपासता.

आणि हा प्रश्न चार-दोन दारुड्यांचा नाही. केंद्र सरकारच्याच सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१९ साली आला. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि त्यातल्या सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना मदतीची गरज आहे, असे त्यात आहे. आणि दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकालाच कसलाही उपचार मिळतो. भरती होऊन उपचार घेणारा तर १८० मागे एक. उपचार नाहीत असे नाही. केंद्रे आहेत, अनुदान आहे, १४४४६ हा सरकारचा फोन नंबर आहे. पण पिणारा माणूस स्वतः उठून फोन लावेल, फॉर्म भरेल, रजा मंजूर करून घेईल, पास काढेल, केंद्र शोधेल आणि महिन्याने परत जाऊन डॉक्टरला भेटेल, ही अपेक्षा करणाऱ्याने घरात पिणारा माणूस पाहिलेलाच नाही. एवढे सगळे त्याला जमले असते तर तो आजारी कसला?

कोणी विचारील, एक माणूस नेमला म्हणजे दारू सुटते काय? प्रामाणिक उत्तर: सुटतेच असे नाही. या विषयावर जगभर झालेल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २००७ साली निघाला. त्याचा निष्कर्ष असा की केस मॅनेजमेंटने माणूस उपचारापर्यंत आणि लागणाऱ्या सेवांपर्यंत जास्त खात्रीने पोचतो. पण केवळ त्याने नशा कमी होते असे ठाम सांगता येत नाही. मी हे मुद्दाम लिहितो, कारण उद्या साहेब हेच आमच्या तोंडावर फेकतील. मी म्हणतो, आमचा माणूस अडकला तो नेमका पोचण्यातच. डॉक्टरची गोळी वाईट नव्हती. गोळी, भाषा, कर्ज, क्वार्टर आणि मस्टर यांची गाठ कुणी मारली नाही, हे वाईट होते. ३८ पैकी ३७ जण जिथे दारापर्यंतच जात नाहीत, तिथे दारापर्यंत नेणारा माणूस ही चैन नव्हे.

तिसरा मुद्दा पैशाचा, आणि तो तर हास्यास्पद आहे. वेल्फेअर इन्स्पेक्टर हे पद रेल्वेत आहेच. नावातच कल्याण आहे. आज त्याच्याकडून काय करून घेता? सेटलमेंटचे कागद, अनुकंपा नोकरीच्या चौकश्या, गैरहजर माणूस पत्त्यावर आहे की नाही हे बघणे. मेल्यानंतरचे कल्याण सगळे त्याच्याकडे, जिवंतपणीचे कुणाकडेच नाही. तो भाऊ आमच्या माणसाच्या दारापर्यंत गेला होता. दोन पावले आत गेला असता आणि तसा त्याला हुकूम असता, तर मी हा लेख लिहित नसतो. मी त्याला दोष देत नाही. एकेकाच्या माथ्यावर किती कामगार आहेत ते मला ठाऊक आहे. पण आजारी कामगारांची ठराविक नावे त्याच्याकडे सोपवा, त्यासाठी त्याला शिकवा, दुसरी कामे कमी करा. स्टाफ बेनिफिट फंडाच्या कमिटीवर तर आपलेच प्रतिनिधी बसतात. क्रिकेटच्या किटला हात सैल सोडणाऱ्या त्या कमिटीत या कामासाठी किती वेळा कुणी तोंड उघडले? मीही नाही उघडले.

आता आपल्याच घरातले. 'सेक्रेटरीसाहेब, आपले काम केस लढण्याचे. माणूस पितो की नाही हे बघायला आपण काय त्याचे बाप?' हे मला आमच्याच एका शाखाध्यक्षाने सुनावले. मी विचारतो, निवडणुकीच्या वेळी पार्ट्या कोण देतो? रिटायरमेंटच्या समारंभानंतर क्वार्टरमागे बाटल्या कोण उघडतो? ज्याच्या पगारात काही उरत नाही त्याला सोसायटीचे नवे कर्ज सही करून कोण देतो? जामीन कोण राहतो? पिण्यात आपण त्याच्याबरोबर असतो, मग सोडण्यात बाजूला का सरकतो? दुसरे म्हणजे, केस लढण्याच्या दृष्टीनेही हे आपले काम आहे. ज्याच्या उपचाराचा सलग कागद आहे, त्याचे अपील उभे राहते. ज्याच्या नावावर खोटी कावीळ आहे, त्याचे पडते.

टपालातल्या बांधवांची गोष्ट वेगळी वाटते, पण गाठ तीच. तिथे रूळ नाहीत, रोकड आहे. पिणाऱ्या माणसाच्या हिशेबात एक दिवस तूट येते, तो पुढच्या दिवशी भरतो, मग भरू शकत नाही. कायम नोकर असेल तर रूल १४, ग्रामीण डाक सेवक असेल तर 'पुट ऑफ ड्युटी'. तूट सापडली त्या दिवशी केस सुरू झाली असे खाते मानते. आजार त्याआधी कितीतरी दिवस सुरू झालेला असतो, आणि ब्रँच पोस्टमास्तर एकटाच खेड्यात असेल तर तो बघणाराही कुणी नसतो. तिथे तर रेल्वेसारखा वेल्फेअर इन्स्पेक्टरही नाही. ओव्हरसियर मेल येतो तो पुस्तके तपासून जातो. दारूबंदीने हे सुटेल म्हणणाऱ्यांनी चंद्रपूरकडे पाहावे. २०१५ साली बंदी झाली, २०२१ साली उठली. या सहा वर्षांत पिणाऱ्याला उपचारापर्यंत हात धरून कोणी नेले, हा प्रश्न बंदीवाल्यांनाही विचारता येतो आणि बंदी उठवणाऱ्यांनाही.

आमच्या शाखेने डिव्हिजनच्या पी.एन.एम.साठी आयटम दिला आहे. मागण्या चार ओळींत बसतात. गैरहजेरीची मोठी चार्जशीट काढण्यापूर्वी कर्मचारी आजारी आहे का, हे वेल्फेअर इन्स्पेक्टर आणि डॉक्टर यांनी मिळून बघावे. आजारी निघाला तर त्याची केस एकाच माणसाकडे किमान एक वर्ष राहावी, आणि त्या माणसाची बदली झाली तर चार्ज देताना कर्मचाऱ्याचे नावही हातात द्यावे. स्वतःहून उपचार मागणाऱ्याची दवाखान्यातली माहिती चौकशीत वापरू नये. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कामगाराला, आणि महाराष्ट्रातल्या तेलुगू, बिहारी, ओडिया कामगारालाही, आपल्या भाषेत बोलणाऱ्या केंद्रात जाण्यासाठी पास आणि रजा मिळावी. बदल्यात युनियनने लिहून दिले आहे की वर्षभरात उपचार सोडून देणाऱ्याची आणि नशेत ड्युटीवर सापडणाऱ्याची बाजू या कराराच्या नावाने आम्ही मांडणार नाही. या शेवटच्या वाक्यावर आमच्या कार्यकारिणीत दोन तास भांडण झाले. मी माझ्या मतावर ठाम राहिलो.

पहिल्या बैठकीत उत्तर आले, 'तपासून पाहू'. तोवर आम्ही बसून राहिलेलो नाही. शाखेत एक शंभरपानी वही घातली आहे. तीत सध्या चार नावे आहेत, प्रत्येक नावापुढे एका सभासदाचे नाव. त्याने दर आठवड्याला घरी जायचे, डॉक्टरची तारीख चुकू द्यायची नाही, पगाराच्या दिवशी बरोबर राहायचे. डॉक्टरकीचे काम करायचे नाही, गोळ्या चोरून जेवणात घालायच्या नाहीत. (हा उद्योग काही घरांत चालतो. डायसल्फिराम घेतलेल्या माणसाने वर दारू प्याली तर जिवाशी गाठ पडते, म्हणून हे ठळक लिहून ठेवले आहे.) चारपैकी एक जण तीन आठवड्यांत पुन्हा प्याला. नाव खोडलेले नाही. एकाला नऊ महिने झाले. उरलेले दोघे अजून पहिल्या तीन महिन्यांत आहेत. त्यातला एक माझ्याकडे आहे आणि गुरुवारी रात्री आठ वाजता मी त्याच्याकडे जातो. गेल्या गुरुवारी त्याने दार उघडले नाही. शुक्रवारी परत गेलो, तेव्हा उघडले.

ज्या शाखांना आयटमचा मसुदा हवा असेल त्यांनी आपल्या डिव्हिजनल सेक्रेटरीमार्फत मागवून घ्यावा. आपल्या पी.एन.एम.मध्ये काय उत्तर मिळाले, ते मिनिट्सच्या नकलेसह याच पानांकडे धाडावे.